चौथा पोर्ट

“वहिनी, आता किती?”

“उणे एकाहत्तर. अजून डावीकडे घ्या. केसभर.”

“आता?”

“आता गेलं सगळं. केसभर म्हटलं होतं, हातभर नाही.”

प्रल्हादभाऊजी हसले. ते उंबरवाडीच्या डोंगरावर, साठ फुटी टॉवरच्या टोकाला पट्टा बांधून उभे होते आणि मी तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडमागच्या आमच्या ऑफिसात पंख्याखाली बसले होते. मध्ये नगर जिल्ह्याच्या पश्चिमेचे सगळे डोंगर. तिथं वर मोबाइलला रेंज नाही. रेंज नाही म्हणूनच तर आमचा धंदा चालायचा. वाड्यावस्त्यांना हवेतून इंटरनेट द्यायचा हा उद्योग मी आणि माझे मिस्टर सोपान, आम्ही काढला होता. टॉवर कुठं उभा करायचा, कुठल्या डिशचं तोंड कुणाकडे, बॅटरी केवढी, हे सगळं मी ठरवायचे, कारण डिप्लोमा माझा. वर चढायचे माझे दीर प्रल्हादभाऊजी. सोपानरावांचं विचारू नका, ते स्टुलावर चढून बल्ब बदलताना मला स्टूल धरायला लावतात. त्या दिवशी ते माल आणायला नाशिकला गेले होते.

ऑफिसात मी आणि माझी जाऊ मोहिनी, भाऊजींची बायको. ग्राहकांचे फोन ती घ्यायची. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं आणि नवऱ्याचं टॉवरवर चढणं तिला बिलकूल पसंत नव्हतं. त्यावरून घरात दोनदा ताटं वाजली होती. म्हणून त्या सकाळी भाऊजी तिला थाप मारून गेले होते, की चढायला राजूरचा माणूस बोलावलाय, मी नुसता खालून बघतो. मला खरं ठाऊक होतं. मी कानाला हेडफोन लावून, तिच्याकडे पाठ करून हळू आवाजात बोलत होते आणि मला वाटत होतं की मी फार हुशार आहे.

त्या टॉवरचं थोडं सांगायला हवं. त्याच्या टोकाला एक डिश आमच्या ऑफिसाकडे तोंड करून होती. ती गेली की डोंगर आमच्यासाठी मेला. तिच्या खाली तीन अँटेना, तीन वाड्यांकडे तोंड केलेल्या. आणि एक छोटा वायफायचा डबा, नुसता चढणाऱ्या माणसाला आमच्याशी बोलता यावं म्हणून बसवलेला. कानात इअरफोन घातलेल्या भाऊजींचा आवाज त्या डब्यातून डिशमध्ये आणि डिशमधून माझ्या कानात येत होता. या सगळ्यांना एकाच पेटीतून वीज जायची, प्रत्येकाला वेगळा पोर्ट. इथं बसून मी कुठलाही पोर्ट बंद-चालू करू शकत होते. डिश पहिल्या पोर्टवर, उंबरवाडीची अँटेना पाचव्यावर, बाकीच्या दोन वाड्या दुसऱ्या-तिसऱ्यावर, आणि भाऊजींचा डबा चौथ्यावर.

दोन दिवसांपूर्वीच्या वाऱ्यानं डिश हलली होती, शिवाय उंदरांनी सोलरची केबल कुरतडली होती. म्हणजे बॅटरी भरत नव्हती, नुसती उतरत होती. शहाण्या माणसानं आधी खाली बसून केबल जोडली असती. पण आमच्या धंद्यात कुणीच तसं करत नाही. सिग्नल गेला की ग्राहक शिव्या घालतात, बॅटरी उतरतेय म्हणून कुणी फोन करत नाही. त्यामुळे सगळेच आधी वर चढतात आणि मग खालचं बघतात. मीच म्हटलं होतं भाऊजींना, आधी डिश सरळ करा, केबलचं उतरल्यावर बघू.

“उणे अठ्ठावन्न,” मी म्हटलं. सिग्नलचा हा आकडा शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला. “बास. आता हात लावू नका, आवळा फक्त.”

“आवळतो. वहिनी, ती जुनी बंद डिश राहिलीय ना इथं, तिच्या मागं काहीतरी काळं लोंबतंय.”

“काय काळं?”

“थांबा, बघतो.” पान्याचा लोखंडावर आपटल्याचा आवाज आला. मग ते अगदी हळू म्हणाले, “मोहोळ आहे.”

आग्या मोहोळ काय असतं हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. ते उठलं की धिप्पाड बैल लोळवतं. माणूस असला तर पळायचं, पाणी असेल तर पाण्यात शिरायचं. साठ फुटांवर पट्ट्यानं बांधलेल्या माणसानं काय करायचं ते मात्र कुणी सांगितलेलं नाही.

“माश्या उठल्यात का?” मी विचारलं.

हेडफोनमध्ये घोंगावणं भरलं. मग भाऊजी ओरडले. मी त्या माणसाला आठ वर्षं ओळखत होते, हात भाजला तरी हसणारा माणूस. आणि ते तसे ओरडले.

“पट्ट्याचा हूक काढतो, उतरतो मी.”

“काढू नका,” मी म्हटलं. “भाऊजी, ऐका. हूक काढायचा नाही. डोळ्यांपुढे माश्या असताना पायरी दिसणार नाही तुम्हाला. अवजारांचं पोतं आहे ना कमरेला?”

“आहे.”

“अवजारं टाकून द्या खाली. पोतं डोक्यात घाला, गळ्यापर्यंत. हात काखेत धरा. आणि हलू नका. अजिबात हलायचं नाही.”

खाली अवजारं पडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही, पण आवाज बदलला. भाऊजींचा श्वास जवळ आला, पोत्यातला, कोंडलेला. ते विव्हळत होते. मध्येच दात आवळून काहीतरी म्हणत होते, ते बहुतेक देवाचं नाव असावं.

माझ्या पाठीमागं मोहिनी फोनवर बोलत होती. काय ते कळत नव्हतं, नुसती गुणगुण. मी चेहरा पडद्याकडेच ठेवला. हिला कळता कामा नये, एवढंच मी ठरवलं होतं. ही किंचाळेल, फोन ओढून घेईल, रडेल, आणि वर तो माणूस तिचा रडका आवाज ऐकून हूक काढेल. तेव्हा माझा तिच्याबद्दलचा अंदाज एवढाच होता.

“वहिनी.”

“हं, बोला.”

“मोहिनीला सांगू नका.”

“नाही सांगत. तुम्ही गप्प उभे राहा.”

“पाठीत आग झालीय नुसती. किती वेळ अशा राहतात ह्या?”

“बसतात थोड्या वेळानं,” मी म्हटलं. मला काय माहीत. काही वेळा दोन-दोन तास बसत नाहीत असं ऐकलं होतं, ते मी गिळलं.

आता वाडीतून माणसं पाठवणं एवढाच उपाय होता. उंबरवाडीतल्या लोकांना मोहोळ नवं नाही. धूर, घोंगड्या, दोर, सगळं त्यांच्याकडे असतं आणि डोंगर त्यांच्या पायाखालचा. पण त्या वाडीलाही मोबाइलची रेंज नव्हती. तिथं फोन लागायचा तो फक्त आमच्याच वायफायवर, आणि फोन उचलेल असं माणूस म्हणजे अंगणवाडीच्या अलकाताई मेंगाळ. मी माझ्या मोबाइलवरून त्यांना लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पोरांना खिचडी वाढायची वेळ, फोन कुठं तरी खुंटीला पिशवीत असणार.

तेवढ्यात माझं लक्ष बॅटरीच्या व्होल्टच्या आकड्याकडे गेलं. तेवीसच्या खाली आला होता. बावीसवर आला की पेटी आपोआप सगळं बंद करते, बॅटरी कायमची मरू नये म्हणून. ती सोय मीच निवडली होती, चांगली म्हणून. आता ती बंद झाली तर भाऊजींचा आवाजही जाणार होता आणि वाडीला फोन करायची वाटही.

मी दुसरा पोर्ट बंद केला, मग तिसरा. दोन वाड्यांचं इंटरनेट गेलं. पडद्यावर दोन हिरवे चौकोन लाल झाले. लगेच मोहिनीचा टेबलावरचा फोन वाजायला लागला, आणि तो वाजतच राहिला.

“वहिनी, बोला ना काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही. तुमचा आवाज आला की मी हलत नाही. आवाज थांबला की हात हुकाकडे जातो आपोआप.”

मग मी बोलत सुटले. काय बोलले देव जाणे. सोपानराव परवा दुकानात दोनशे रुपयांच्या पंख्याला घासाघीस करत बसले ते सांगितलं. सासूबाईंनी मांजराला ओरडताना चुकून मलाच कसं ओरडलं ते सांगितलं. एका हातानं अलकाताईंना फोन लावत होते, दुसरा हात माउसवर होता, आणि तोंडानं मांजराची गोष्ट. भाऊजी मधेच “हं” म्हणायचे. मग “हं” कमी व्हायला लागला.

“भाऊजी?”

“हं.”

“झोप येतेय का?”

“जीभ जड झालीय. ओठ सुजलेत बहुतेक. वहिनी, मी उतरतो. जे व्हायचं ते होईल.”

“हूक काढलात तर माझी शपथ आहे.”

“नका हो शपथ घालू.”

बावीस पूर्णांक चार. आकडा वर जायचं नाव घेत नव्हता. वर तीनच गोष्टी चालू होत्या, डिश, वाडीची अँटेना आणि भाऊजींचा डबा. डिश बंद करणं म्हणजे स्वतःचा गळा आवळणं. अँटेना बंद केली तर अलकाताईंना फोन लागणार नाही, माणसं येणार नाहीत. राहिला चौथा पोर्ट. तो बंद केला तर बॅटरी थोडा वेळ जास्त टिकली असती, अलकाताईंनी फोन उचलेपर्यंत कदाचित. पण मग त्या माणसाच्या कानात कुणी उरणार नव्हतं, आणि आवाज थांबला की हात हुकाकडे जातो असं त्यांनीच सांगितलं होतं.

मी बाण चौथ्या पोर्टवर नेला. बोट टेकवलं. दाबलं नाही. आणि तोंडानं मी मांजराचंच सांगत होते.

“वहिनी,” भाऊजी म्हणाले, “फोन कट करू नका हं.”

ते त्यांना कसं सुचलं मला आजही कळत नाही. मी काहीही म्हटलं नव्हतं. मी बोट उचललं. नाही जमणार हे मला, असं मी मनात म्हटलं, मरू दे बॅटरी, जाईल तेव्हा आपोआप जाईल, निदान माझ्या हातानं नको.

माझ्या खांद्यावर हात आला. मोहिनी मागं उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण डोळे कोरडे होते. तिनं माझा हेडफोन एका कानावरून सरकवला आणि अगदी हळू म्हणाली, “अलकाताई उचलत नाहीयेत. मी अठरा-वीस वेळा लावला.”

मला क्षणभर उमजेना. मग कळलं की मागची ती गुणगुण ग्राहकांशी नव्हतीच, ती वाजणाऱ्या रिंगशीच पुटपुटत होती, उचला ताई, उचला. हेडफोन मी लावला होता, तिनं नव्हता. पोतं डोक्यात घाला, हूक काढू नका, हे सगळं तिनं पहिल्या शब्दापासून ऐकलं होतं आणि तेव्हापासून ती एकटीच वाडीला फोन लावत बसली होती.

“आकडा कितीवर आला की बंद पडतं?” तिनं विचारलं.

“बावीस.”

तिनं पडद्याकडे पाहिलं. बावीस पूर्णांक तीन.

“ह्यांचा कुठला?”

बाण अजून तिथंच होता, ते तिनं पाहिलं. माझ्या हाताखालून माउस ओढून घेतला. हेडफोनमधून भाऊजींचा आवाज बाहेर झिरपत होता, “वहिनी, आहात ना? वहिनी?”

“बोलायचंय तुला?” मी विचारलं. “एक शब्द तरी बोल.”

तिनं नाही म्हणून मान हलवली. “माझा आवाज आला की ते उतरतील,” ती म्हणाली. “मला दाखवायला, की काहीच झालं नाही.”

आणि तिनं चौथा पोर्ट बंद केला.

हेडफोनमध्ये एकदम काहीच उरलं नाही. मी तो काढून टेबलावर ठेवला. मोहिनी तिच्या खुर्चीवर जाऊन बसली, टेबलावरच्या वाजणाऱ्या फोनचा रिसीव्हर तिनं काढून बाजूला ठेवला आणि आपल्या मोबाइलवरून पुन्हा अलकाताईंना लावला. एकदा. दोनदा. तिच्या ओठांवर पांढरी रेघ उमटली होती. मी बॅटरीचा आकडा बघत होते. तो खाली येत होता, पण सावकाश.

“हॅलो,” मोहिनी म्हणाली. “अलकाताई? अलकाताई, ऐका. टॉवरवर आमचे हे अडकलेत. मोहोळ उठलंय. वर, टोकाला. माणसं पाठवा, धूर घेऊन, घोंगड्या घेऊन. दोर पण घ्या. हो. हो. आत्ता, हातातलं टाकून.” मग ती थोडं थांबली आणि म्हणाली, “जिवंत आहेत. आत्तापर्यंत होते.”

फोन ठेवला, आणि तीन-चार मिनिटांत पडद्यावरचा अख्खा डोंगर लाल झाला.

त्यानंतरचे दोन तास मला नीट सांगता येत नाहीत. सोपानरावांना कळवलं, ते नाशिकहून निघाले. आम्ही दोघी त्या लाल चौकोनांसमोर बसून राहिलो. मला सारखा भाऊजींचा हात हुकाकडे जाताना दिसत होता. आत्ता काढला असेल. आत्ता पाय सुटला असेल. मी मोहिनीकडे बघायला घाबरत होते. ती मांडीवर हात ठेवून बसली होती आणि उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या हातानं गच्च दाबून धरलं होतं.

“मी ठेवायला हवा होता का चालू?” तिनं एकदा विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं, पण नाही म्हटलं.

वाडीतलं कुणीतरी मोटारसायकलवरून घाटात, रेंज येते त्या वळणावर आलं आणि तिथून फोन केला. मोहिनीचा मोबाइल वाजला तर ती उचलेना, नुसती बघत राहिली. मी उचलला. काढला खाली, तो माणूस सांगत होता, दोघंजण घोंगड्या पांघरून वर गेले, धूर केला, दोरानं सोडला. लई चावल्यात. शुद्ध आहे-नाही अशी. जीप करून दवाखान्यात नेतोय.

“जिवंत आहेत,” मी मोहिनीला म्हटलं. ती उठली, मोरीत गेली आणि तिथं तिला उलट्या झाल्या.

दवाखान्यात भाऊजी ओळखू येत नव्हते. डोळे बुजले होते, कान भाकरीसारखे झाले होते. डॉक्टरांनी रात्रभर सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एक डोळा उघडला, किलकिला. मोहिनी पायाशी बसली होती, मी उशाशी.

“वहिनी,” ते म्हणाले. “कट केलात तुम्ही.”

मी तोंड उघडलं. खरं सांगणारच होते. पण मोहिनी माझ्याकडे बघत होती, आणि तिनं एवढीशी मान हलवली, की नाही.

“हो,” मी म्हटलं. “बॅटरी संपत होती.”

“मी तुम्हाला सांगितलं होतं, कट करू नका.”

“हो, सांगितलं होतं.”

“मी ओरडत होतो वहिनी तिथं, पोत्यात. कुणी नाही. हूक काढला होता मी अर्धा. मग वाटलं, मेलो तर हिला काय सांगणार तुम्ही. म्हणून परत लावला.” त्यांनी डोळा मिटला. “मोहिनी असती तर नसता कट केला तिनं.”

मोहिनीनं त्यांच्या पायावरची चादर नीट केली.

बाहेर व्हरांड्यात मी तिला धरलं. “असं कसं गं,” मी म्हटलं, “तुझ्यामुळं वाचले ते. सांगूया की.”

“नको ताई.”

“अगं, ते माझ्यावर रागावलेत.”

“तुमच्यावर रागावले तर चार दिवस बोलणार नाहीत,” ती म्हणाली. “मी कट केलं कळलं तर रोज रात्री शेजारी झोपताना ते त्यांना आठवेल. मला त्यांच्याबरोबर जन्म काढायचाय.” मग तिनं माझा हात धरला, खूप घट्ट, आणि पहिल्यांदा रडली. “तुम्ही घ्या ना ताई हे तुमच्यावर. मी कधी काही मागितलं नाही तुमच्याकडे.”

मी घेतलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. भाऊजींचा राग निवला, चेष्टा झाली, लग्नाकार्यात पाहुण्यांना ते रंगवून सांगतात की आमच्या वहिनींनी मला टॉवरवर टांगून फोन कापला. सगळे हसतात, मीही हसते. मोहिनी वाढत असते.

ते अजून चढतात. ती भांडली, अबोला धरला, पण ते काही चढायचे थांबले नाहीत. फक्त एक त्यांनी कायमचं ठरवून टाकलंय. पायथ्याशी पट्टा बांधून झाला की ते ऑफिसला फोन लावतात आणि विचारतात, समोर कोण बसलंय. मी असले तर म्हणतात, “तुम्ही नको वहिनी, तुमचा भरवसा नाही. मोहिनीला द्या.”

मी उठते, हेडफोन तिला देते, आणि ती माझ्या खुर्चीवर बसते.

“मी आहे,” ती म्हणते.

“तू कट नाही ना करायचीस?”

“नाही,” मोहिनी म्हणते. “चढा तुम्ही.”

मग ते वर पोचेपर्यंत ती पडद्यावरून नजर हलवत नाही, आणि मी चहा ठेवायला आत जाते.